गोष्ट मराठीत, हाक हिब्रूत

1880 साली मराठी मुलखात दोन नव्या गोष्टी झाल्या. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. 31 ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि पुढं दोन पिढ्या महाराष्ट्र नाट्यपदं गुणगुणत राहिला. दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या कानावर नाही. त्याच वर्षी मुंबईत बेंजामिन सॅमसन अष्टमकर नावाचे गृहस्थ कीर्तनाला उभे राहिले. रीत सगळी हरिदासी कीर्तनाची. फक्त आख्यान ध्रुवाचं नाही, हरिश्चंद्राचंही नाही. ते होतं ज्यूंच्या धर्मग्रंथातलं. ऐकणारेही ज्यूच, कोकणातून मुंबईला आलेले, घरीदारी मराठी बोलणारे बेने इस्राएल.

मी धर्माबादचा पेटीवाला. नोकरी प्राथमिक शाळेत झाली, पण गावात मला कुणी गुरुजी म्हणत नाही, पेटीवालेच म्हणतात. आमचा तालुका नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला. बाभळीचा बंधारा आमचा, त्यापुढं गोदावरी तेलंगणाची. रेल्वेनं पुढचं मोठं स्टेशन बासर, सरस्वतीचं, तेही तिकडंच. इकडं निम्म्या घरांत तेलुगू, शाळेत मराठी, मिरचीच्या मोंढ्यात दोन्ही, आणि भांडायची वेळ आली की दखनी. भजनाला बसलं की तुकोबांच्या अभंगाला तेलुगू चाल लागते आणि तेलुगू पदाला मराठी. पलीकडच्या तेलुगू ख्रिस्ती मंडळींचं गाण्यांचं जुनं पुस्तक आहे, त्याचं नावच ‘आंध्र क्रैस्तव कीर्तनलु’. त्यातली पुरुषोत्तम चौधरींची पदं ऐकली तर डोळे मिटून कुणालाही वाटावं, हे रामाचं भजन चाललंय. त्यामुळे ज्यूंचं मराठी कीर्तन असतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार मोठा धक्का बसला नाही. मला कुतूहल होतं ते पेटीचं. हे लोक साथीला काय घेत असतील? आणि गाण्यात हिब्रू कुठं येत असेल, मराठी कुठं?

मराठवाड्यातल्या वाचकानं ज्यू माणूस बहुधा पाहिलेलाच नसतो, म्हणून थोडं मागं जातो. बेने इस्राएल सांगतात की त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा हळूहळू गेली, उरलं काय तर शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्याचे काही नेम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. राहिले त्या गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर. सणांची नावंही मराठीच. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी वालाचं बिरडं करायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. पुरीम फाल्गुनाच्या सुमारास येतो, त्याला होळीचा सण म्हणायचे.

आता पोथ्याच नसतील तर गाणी कुठून येणार? ती नंतर आली, आणि समुद्रमार्गेच आली. कोचीनच्या ज्यूंकडे हिब्रू शाबूत होतं. त्यांच्यातले शिक्षक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोकणात आणि मुंबईत येऊन प्रार्थना, त्यांच्या चाली, सणांचे विधी शिकवत राहिले. पुढं बगदादी आणि येमेनी ज्यूही आले. कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युअल इझिकिएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. ही मंडळी प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायची, आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आजही सांगतात.

प्रार्थनामंदिरातलं गाणं ऐकायचं तर पेटीवाल्याची निराशा ठरलेली. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, वाद्य वाजवायचं नाही असा नेम आहे. एक कारण विसाव्याच्या दिवसाचे निर्बंध. दुसरं जास्त हळवं. इसवी सन 70 मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं. त्या मंदिरात लेवी घराण्यातले गवई तंतुवाद्यं, झांजा, तुताऱ्या घेऊन स्तोत्रं गायचे. मंदिर गेलं तसं वाजवणंही बंद केलं, त्या शोकात. त्यामुळे परंपरेनं चालणाऱ्या मंदिरांत आजही गळा तेवढा चालतो. तोराहचं, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचं, वाचन असतं तेही साधं वाचन नव्हे. अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात, प्रत्येक खुणेला ठरलेली स्वरांची लकेर. वेदपाठातल्या उदात्त-अनुदात्तासारखीच शिस्त, चूक झाली तर जवळचा माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करतो. मात्र ज्या गुंडाळीवरून वाचायचं तिच्यावर त्या खुणा छापलेल्या नसतात, लिहिलेल्याही नसतात. वाचणाऱ्यानं त्या आधी पाठ करून यायचं.

त्याउलट स्तोत्रगीतांना मोकळीक. शुक्रवारी संध्याकाळी जगभरचे ज्यू ‘लेखा दोदी’ गातात. शब्बाथला नवरी समजून तिचं स्वागत करायचं, आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी दाराकडे वळायचं, जणू ती आत्ता उंबऱ्यातून येणार. हे गीत सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या सफेद गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलं. आमच्या ‘तुका म्हणे’सारखी त्यांनी नाममुद्रा घातली आहे, पण लपवून: कडव्यांची पहिली अक्षरं जुळवली की कवीचं नाव निघतं. आणि चाल? ज्याच्या त्याच्या गावाची. येमेनमध्ये एक, पोलंडमध्ये दुसरी, कोचीनला तिसरी. छंद बसला की झालं. भजनी मंडळात बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं हिब्रूत. आणि इथंच अडचण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबाग-पेणच्या घाणेवाल्याच्या बायकोला त्यातलं काय कळत होतं? बाप्ये मंदिरात जाऊन पाठ केलेलं म्हणत. घरात मात्र अब्राहाम कोण, मोशेनं काय केलं, हे सांगायला भाषा होती ती मराठी. तशा या गोष्टी मराठीत नव्या नव्हत्या. गोव्यात राशोलला 1616 साली छापलेल्या थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त पहिला भाग जुन्या कराराचाच आहे, ओवीबद्ध. पण तो ख्रिस्ती वाचकांसाठी, कोकणी ज्यूंपर्यंत पोचलेला नव्हता.

पोचले ते मिशनरी. अमेरिकन मराठी मिशन 1813 पासून मुंबईत होतं. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये आले. पुढं ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज झालं तेच हे. त्यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बेने इस्राएलांच्या मुलांसाठी. हेतू उघड होता. तुम्ही ज्याची वाट बघताय तो मशीहा येऊन गेला, हे ज्यूंना त्यांच्याच पोथ्यांमधून पटवायचं. झालं उलटंच. मुलं हिब्रू शिकली, मराठी छापील बायबल वाचू लागली आणि ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली. शिकलेल्यांनी स्वतःच्या धर्माची पुस्तकं काढायला घेतली. पेसाह म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्या रात्री घरात वाचायची ‘हग्गादा’ मुंबईत 1846 साली मराठीसह शिळाछापावर निघाली. पुण्याला 1874 साली निघालेल्या हग्गादेत तर चित्रंही आहेत, आणि त्यातल्या बायका आपल्याकडच्या पेहरावात जमिनीवर बसून बिनखमिराच्या रोट्या करतायत. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी (1834–1905) एकामागून एक प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली आणि पुढं समाजाचा इतिहासही लिहिला.

कीर्तन आलं ते या सगळ्या धामधुमीत. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी 1860 च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती. पुढं रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि कीर्तन दोन्ही ख्रिस्ती देवळात नेऊन बसवलं. हिंदू कथेकरी तर चाळीचाळीत होते. मग आपल्याच मुलाबाळांना आपली गोष्ट ऐकवायला आपण मागं का राहायचं, असा विचार बेने इस्राएलांनी केला असणार, आणि अष्टमकर उभे राहिले.

आमच्या भागात कीर्तन म्हणजे वारकरी. एक अभंग घ्यायचा, मागं टाळकरी, मृदंग, आणि दोन तास त्याच अभंगाचं निरूपण. ज्यूंनी उचललं ते नारदीय, म्हणजेच हरिदासी. त्यात आधी नमन, मग पूर्वरंगात एखादं तत्त्व, आणि उत्तररंगात त्याला धरून एक आख्यान. आख्यान गद्यात रंगवत न्यायचं आणि प्रसंग आला की वृत्त बदलायचं. हकिगत पुढं सरकवायला ओवी, भावाला पद, लढाईला कटाव, शोकाला दिंडी. एखादं वचन सांगायचं तर आर्या. मी नारदीय कीर्तनाला साथ केली आहे, म्हणून सांगतो, पेटीवाल्याची त्यात कसोटी असते. बुवा बोलता बोलता कधी साकी उचलतील याचा पत्ता नसतो. आणि ज्यूंची आख्यानं या साच्याला अशी फिट्ट बसतात की जणू त्याच्यासाठीच झाली आहेत. योसेफाला भावांनी विकलं, तो इजिप्तमध्ये प्रधान झाला, दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यासमोर उभे, आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. हा प्रसंग मिळाला तर कुठल्याही बुवांचा उत्तररंग रात्री बारापर्यंत सहज चालेल. अब्राहाम देवाच्या आज्ञेनं पोटच्या पोराला बळी द्यायला डोंगरावर नेतो. चिलया बाळाची कथा ऐकून वाढलेल्या मराठी बाईला तिथं डोळ्याला पदर लावायला कुणी शिकवावं लागत नाही. फरक एवढा की चिलयाला आधी कापावं लागतं, मग तो उठतो. इसहाकाच्या वेळी सुरी वरच्यावर थांबते. एस्तेर राणी, मोशे, दावीद, शलमोन, सगळ्यांची आख्यानं झाली. पद्यं छापली गेली, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्या प्रसिद्ध गाण्याची ते लिहिलेलं.

मी हे कागदावर पाहिलं ते ठाण्याला. मुलगा तिथं नोकरीला आहे. टेंभी नाक्याजवळ ‘शआर हाशामायिम’ हे 1879 सालचं प्रार्थनामंदिर आहे, बाहेरूनच पाहिलं. मुलाच्या इमारतीत एक बेने इस्राएल बाई राहतात, माझ्याहून वयानं मोठ्या, निवृत्त परिचारिका. पोरं इस्राएलला, त्या इथंच. देवगिरी एक्स्प्रेसनं आलेला धर्माबादचा पेटीवाला आहे म्हटल्यावर त्यांनी आईची गाण्यांची वही काढली. शाळेची दुरेघी वही, पुठ्ठ्याला नंतर चिकटवलेला खाकी कागद. अक्षर मोडीची सवय असलेल्या हाताचं, बाळबोध पण ओढल्यासारखं. मराठी पदं भरभर लिहिलेली, एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. आणि मध्येच हिब्रू पालुपद आलं की तेच अक्षर एकदम सावध झालेलं. देवनागरीतच, पण शब्द तोडून तोडून, जोडाक्षर न करता हलंत लावून, कुठं ‘ह’खाली टिंब. तो ‘ह’ घशातून काढायचा, असं बाईंनी सांगितलं. मला दोनदा जमला नाही. ‘तुमच्या तेलुगूत नाही वाटतं,’ म्हणाल्या. कान्याकोपऱ्यात चाली नोंदवलेल्या: एका पदाला सौभद्रातली, एकाला ‘आरतीप्रमाणे’, एकाला नुसतंच ‘मामाची चाल’.

शेजाऱ्याकडून पेटी मागून आणली. बाईंनी ‘एलियाहू हन्नाबी’ धरलं. आवाज वयोमानानं उतरलेला, सूर काळी तीनवर बसला. सुरुवातीला ताल नाही, शब्द सुटे सुटे, मी नुसता षड्ज धरून बसलो. तिसऱ्या वेळेला त्यांनी टाळी धरली आणि सरळ केरवा निघाला. स्वरांचा विस्तार अगदी लहान, चार-पाच सुरांत सगळं. मी सवयीनं मध्ये एक हरकत टाकली तर त्यांनी हातानं थांबवलं. ‘इथं नाही. पुढं मराठी पद येतं तिथं हवं ते वाजवा.’ माझ्या मते या सगळ्या परंपरेचा कायदा त्या एका वाक्यात आला. देवाला आणि नबीला हाक मारायची ती हिब्रूत, जशी आली तशी, कान्यामात्रेला धक्का न लावता. गोष्ट सांगायची ती मराठीत, आणि तिथं पेटी, तबला, नाट्यपद, सिनेमाची चाल, कशालाच बंदी नाही. मिसळण कुठं करायची आणि कुठं करायची नाही हे ज्याला कळलं त्याचंच गाणं दोन्हीकडून टिकतं. आमच्या सीमेवरचे काही गवई दोन्ही भाषांत गातात आणि एकही धड राहत नाही, म्हणून हे मला जास्त भावलं असेल.

एलियाहू कोण, हे सांगायला हवं, कारण बेने इस्राएलांच्या गाण्याचा तो प्राण आहे. बायबलातला हा नबी मेला नाही, अग्नीच्या रथातून वर गेला. परंपरा सांगते की मशीहा यायचा झाला की आधी एलियाहू येऊन वर्दी देईल. म्हणून जगभर शब्बाथ संपल्यावर शनिवारी रात्री त्याचं गाणं म्हणतात, पेसाहच्या रात्री त्याच्या नावाचा द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी एक खुर्ची त्याच्यासाठी रिकामी असते. गाण्यात आहे तरी काय? गावावरून, मुलखावरून त्याला मारलेली हाक आणि लवकर ये, दावीदाच्या वंशजाला घेऊन ये, ही विनवणी. कोकणातल्या ज्यूंनी मात्र या नबीला अगदी घरचाच करून टाकलं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. तो तिथं उतरला होता, अशी श्रद्धा. नवस बोलायचा तो त्याला. नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की मलिदा करायचा. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. ताटात वर फळं, फुलं. पुरुषमंडळी प्रार्थना म्हणतात, एलियाहूचं गीत होतं, फळांवर आशीर्वाद म्हणतात, मग प्रसाद वाटतात. हिवाळ्याच्या शेवटी झाडांचं नवं वर्ष म्हणून ज्यूंचा एक दिवस असतो, त्या दिवशी खंडाळ्याला ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. बेने इस्राएल सोडले तर इतर ज्यूंमध्ये असा मलिदा नाही. बाईंनी मला पोहे दिले, पण ते साधे कांदेपोहे होते. मलिदा विधीशिवाय करत नाहीत.

मशीहाचा विषय निघालाच आहे तर एक घोटाळा दूर करतो. मोबाइलवर हिब्रू गाणी शोधली की हल्ली निम्मी ‘मेसिअ‍ॅनिक’ म्हणून येतात. गिटार, डफ, फेर धरून नाच, शब्द हिब्रू, आणि मध्येच येशूचं नाव ‘येशुआ’. ही मंडळी स्वतःला ज्यू म्हणवतात, सण ज्यूंचे पाळतात, पण मशीहा म्हणजे येशूच असं मानतात. 1960–70 च्या दशकांत अमेरिकेत या चळवळीनं जोर धरला. बाकीचे ज्यू त्यांना आपल्यात धरत नाहीत. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानंही 1989 मध्ये, ज्यू म्हणून तिथं येऊन वसण्याचा हक्क त्यांना नाकारला. गाणी कानाला गोड आहेत, काहींचे ठेके तर फारच छान. आपल्याकडच्या ख्रिस्ती सभांतही त्यातल्या चाली आता ऐकू येतात. पण वाट बघणाऱ्याचं गाणं आणि आलेल्याला ओवाळणाऱ्याचं गाणं ही दोन वेगळी गाणी आहेत, मग शब्द एकाच भाषेतले का असेनात. ठाण्याच्या बाईंना मी मोबाइलवर एक ऐकवलं. दोन ओळी ऐकून त्या म्हणाल्या, ‘चाल बरी आहे. आमचं नाही.’

मराठी कीर्तनाचं पुढं काय झालं? 1948 ला इस्राएल झालं. त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीसेक हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गेले, दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा गावांत वसले. तिथं आधी वेगळाच मार बसला. तुम्ही पुरते ज्यू आहात का, तुमच्याशी सोयरीक करायची का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं उभा केला. जेरुसलेमला धरणं धरल्यावर 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य केलं. इकडं महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो 2016 साली, तेव्हा इथं उरले होते काही हजार. इस्राएलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक नोआ मस्सील यांनी वर्षानुवर्षं चालवलं. पूर्वरंग-उत्तररंगासकट उभं कीर्तन आता क्वचित. कीर्तनकाराला लागतं ते पाठांतर, वक्तृत्व आणि मराठी समजणारी बैठक, तिन्ही एका गावात मिळायला हवीत. टिकली ती पदं, आणि टिकवली बायकांनी. लग्नाआधीच्या मेंदीला, मलिद्याला, म्हाताऱ्यांच्या क्लबात त्या वह्या उघडतात. कोचीनच्या ज्यू बायकांच्या मल्याळम गाण्यांचंही असंच, तीही वह्यांतूनच वाचली. कीर्तनावर ज्यांनी पुष्कळ अभ्यास केला त्या अमेरिकन संगीत-अभ्यासक अ‍ॅना शुल्ट्झ यांनी बेने इस्राएलांच्या मराठी गाण्यांवरही काम केलं आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या संगीत विभागांना मात्र अजून याची जाग आलेली दिसत नाही. शेजारच्या माणसाचं गाणं परदेशी माणसानं येऊन ऐकल्यावरच आपल्याला ऐकू येतं, ही आपली जुनी खोड.

खरी पंचाईत शब्दांची नाहीच. शब्द छापलेले आहेत, वह्यांत आहेत. पंचाईत त्या वरच्या ‘चाल’ शब्दाची. शंभर वर्षांपूर्वी ज्या गाण्याचं नाव लिहिलं की सगळ्या चाळीला चाल कळायची, ते गाणंच आज कुणाला येत नाही. नाट्यपद असेल तर रेकॉर्ड निघते, जुन्या साथीदाराच्या हातात असतं. पण मेळ्यातलं पद, तमाशातली लावणी, कुणा कथेकऱ्याची साकी, यांचं काय? बाईंच्या वहीतली काही पदं मी पेटीवर बसवून दिली. जिथं सौभद्र लिहिलं होतं तिथं अडचण आली नाही. एका पदाची चाल दिली होती ती आमच्याकडे बायका काकड्याला म्हणतात त्या गौळणीची निघाली, पहिल्या ओळीतच सापडली. बाईंच्या आईला ती कुठं ऐकू आली असेल हे त्यांना सांगता आलं नाही. बाकीची अडकली आहेत. त्यांतल्या पाच-सहा चालींची नावं मी उतरवून आणली आहेत आणि इथल्या जुन्या भजन्यांना, बासरकडच्या दोघा-तिघा पेटीवाल्यांना विचारतो आहे. ‘मामाची चाल’ मात्र सोडून दिली.